मार्जरी हॉबडेचं तिसरं धुराडं

त्या वर्षी गावच्या शिपायाचं काम पाळीने माझ्याकडे आलं होतं. चूलपट्टीचे कारकून गिलिंगसाहेब आले की त्यांच्याबरोबर फिरायचं. रीत सोपी. सकाळी चौकात उभं राहून छपरांवरचे धूर मोजायचे, मग आत जाऊन चुलींशी ताळा घ्यायचा.

मार्जरी हॉबडे विधवा. माझी बायको गेल्यापासून रोज वाडगाभर सूप मला तिच्याच घरून यायचं. गरिबाला दोन चुलींपर्यंत माफी होती. तिसरी सापडली की सहा शिलिंग, म्हणजे तिची एकुलती गाय बाजारात.

त्या गोठलेल्या सकाळी तिच्या छपरावर तीन धूर होते.

"तुझी शेजारीण तीन ठिकाणी काय शिजवते रे, ॲम्ब्रोज?" साहेबांनी विचारलं.

"या, मोजा. पण पाय पुसून," मार्जरी दारातूनच म्हणाली.

आत चुली दोनच. तिसऱ्या धुराड्याखाली कोरी लिंपलेली भिंत.

"तिथली चूल सासऱ्यांनी उखडली, साहेब. तुमची पट्टी यायच्या कितीतरी आधी."

"मग धूर?"

"मी कधी विचारलं नाही. फुकटची ऊब, नावं कशाला ठेवू?"

साहेबांच्या हुकमावरून मी पहारीने दोन विटा काढल्या. आत काळोख... कोळ्यांची जुनी, अखंड जाळी. काजळीचा कणही नाही. फक्त भाजलेल्या सफरचंदाचा वास.

साहेबांनी हातातली, शाई गोठलेली दौत त्या भोकात टेकवली आणि कोपरापर्यंत हात घातला.

"बर्फ आहे नुसता..." ते पुटपुटले. मग दौत उचलायला गेले आणि ओरडले, "मेलो!" बोट पोळलं होतं. शाईला बुडबुडे येत होते.

"वितळली ना? मग लिहा आता," मार्जरी म्हणाली.

साहेबांनी 'दोन' लिहिलं, माफीचा कागद तिच्या हातात कोंबला आणि टोपी विसरून बाहेर पळाले. आम्ही पोट धरून हसलो. गाय वाचली होती.

"बुजव आता पटकन," ती डोळे पुसत म्हणाली. "गारठा आत जातोय."

शेवटची वीट बसवताना माझ्या बोटांवर आतून हलकीच फुंकर आली... निखारा फुलवायला घालतात तशी, ऊबदार. मी हात तसाच ठेवला.

मग दुसरी फुंकर आली. जरा खालून, एखाद्या लहान पोराच्या तोंडाची.