चौदा अंशांचं पाणी

अमरावतीत मे महिन्याचं ऊन पंचेचाळीसला टेकलं होतं, आणि तो मात्र जाड काळ्या रबराचा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा सूट खांद्यावर टाकून दुकानात शिरला.

दीपमालानं मशीन थांबवलं. तलावाच्या गल्लीत पोहण्याचे कपडे शिवायचं तिचं दुकान. पण असलं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“हे मले ढिल्लं होऊन राहिलं. कमी करून देता का?”

“हे काय आहे पण?”

“वेटसूट. फळीवर उभं राहून लाटेवरून जातात न—सर्फिंग—त्याच्यासाठी.”

“अमरावतीत समुद्र कधी आला?”

तो हसला. डाव्या गालावर बारीकशी खळी... दीपमालानं पटकन नजर सुटाकडे वळवली.

वलगावचा स्वप्निल. तलावावर पोहणं शिकवायचा, सर्फिंग कर्नाटकच्या किनाऱ्यावर शिकला होता. आठ दिवसांनी वर्षभराच्या प्रशिक्षणाला पोर्तुगालला चालला होता.

“मंग एवढा मोठा काहून घेतला?”

“आई म्हणे, एक नंबर मोठाच घे, पुढं कामी येते. शाळेच्या ड्रेसपासून हेच चालू आहे आमच्या घरी.”

“कर्नाटकात घालत होते?”

“नाही जी. तिथलं पाणी अठ्ठावीस-एकोणतीस. चड्डी-बनियनवर भागते. पोर्तुगालात फेब्रुवारीत चौदा.”

“चौदा तर डिसेंबरात आपल्या इथंही असते!”

“ती हवा झाली. पाण्यातले चौदा म्हणजे...” त्यानं नुसतं कुडकुडून दाखवलं.

तिला मात्र कळून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी दुकानामागे पाण्याचा ड्रम, त्यात रसवंतीतून आणलेली बर्फाची लादी, आणि हातात थर्मामीटर.

“झालं चौदा. उतरा.”

“शिवून राहिल्या का मारून राहिल्या?”

“उतरा म्हणते न!”

सूट घालून तो गळ्यापर्यंत बसला. चौथ्याच मिनिटाला दात वाजायला लागले.

“पाणी आत जाते का?” तिनं वाकून विचारलं.

“थोडं जायलेच पाहिजे... ते अंगानं गरम होते... अन् तिथंच थांबते. त्याचीच ऊब.”

“अन् ढिल्ला असला, का ती ऊब निघून जाते. नवं थंड पाणी येते.”

“तुमाले लवकर समजलं!”

“बाहेर या आधी. ओठ पाहा कसे निळे झाले!” आपला आवाज गिऱ्हाइकासाठी जरा जास्तच घाबरलाय, हे तिचं तिलाच जाणवलं.

मग तिनं कडा कापल्या, रबराच्या गोंदानं जोडल्या, वरून हातानं टाके घातले. सुई निम्म्या जाडीतच फिरवायची, आरपार जाऊ द्यायची नाही... छिद्र पडलं की पाणी शिरणार. रबर छातीला चार मिलिमीटर जाड, हातांना तीन, म्हणजे हात मोकळे फिरतात. तो सांगायचा, ती विचारत राहायची. आणि मनात दिवस मोजायची. सहा... पाच... चार.

दर वेळी घालून पाहिला की तो म्हणायचा, “काखेत अजून ढिल्लं वाटते.”

जायला दोन दिवस उरले, तेव्हाही तेच. तिनं काखेत चिमटा घेऊन पाहिलं. आता चिमटीत काहीच येईना! तिनं नीट निरखलं. पोट आत ओढलेलं, श्वास रोखलेला...

“श्वास सोडा.”

“हं?”

“सोडा म्हणते न!”

त्यानं श्वास सोडला. सूट अंगाला जागच्या जागी चिकटला.

“कधीपासून बरोबर बसून राहिला हा सूट?”

“दुसऱ्याच वेळी बसला होता.” तो खाली पाहत म्हणाला. “पण बसला म्हटलं असतं, तर इथं यायचं काय कारण होतं?... दीपमाला, मले जायचं आहे. अन् तुले सोडून जायचं नाही. दोन्ही खरं आहे.”

कूलर घरघरत होता. तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला.

“चार दिवस वाया घालवले तू! आधी बोलला असता, तर चार दिवस बोलता आलं असतं न!”

“मंग... आता?”

जाऊ नको म्हटलं तर तो थांबेलही... आणि जन्मभर तलावाकडे बघत बसेल. तिला तसा स्वप्निल नको होता.

“तिकडचं पाणी सगळ्यात गरम कधी असते?”

“सप्टेंबरात. एकोणीस-वीस.”

“तेवढं मले सोसते?”

“सोसते,” तो जपून म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तर प्रश्न उडून जाईल. “तुले जरा पातळ सूट लागेल. पण... काहून?”

दीपमालानं डोळे पुसले.

“पासपोर्टाले किती दिवस लागतात?”