दोन थापा

दुपारी चारच्या सुमाराला ताई व्यायामशाळेत पोचली तेव्हा तिच्या पिशवीत दोन ओले टॉवेल, एक जुनी चामड्याची बॅग आणि किलोभर काकड्या होत्या. मारामारीचे आवाज असेच तयार होतात. ओला टॉवेल चामड्यावर आपटला की ठोसा, काकडी पिळून मोडली की हाड. ज्यासाठी हे आवाज हवे होते तो पंधरा मिनिटांचा सिनेमा मागून आणलेल्या एका कॅमेऱ्यावर, आवाजाशिवाय उरकला होता. आवाज नंतर भरायचे, आणि ते काम ताईचं. ती बारा वर्षं हेच करत आली होती, आणि सिनेमात मार खाणारा तिचा धाकटा भाऊ होता.

भाऊ जाऊन तीन महिने झाले होते. व्यायामशाळेच्या याच हॉलमध्ये, जमिनीच्या याच फळ्यांवर, शेवटच्या मारामारीत समोरच्याचा गुडघा त्याच्या मानेवर होता. दिग्दर्शक, म्हणजे भावाचाच जिवलग मित्र, आईसमोर बसून रडला होता. एका क्षणात गेला, त्याने हूं की चूं केलं नाही, असं म्हणाला. ताईनेही ते खरं मानलं, कारण मारामारीचे सीन करणाऱ्या या लोकांचा एक नियम होता. जमिनीवर तळहाताने दोन थापा मारल्या की समोरच्याने सोडायचंच, मग कॅमेरा गेला खड्ड्यात. भावाने थापा मारल्या असत्या तर कोणी सोडलं नसतं, असं कसं होईल?

आता त्या शेवटच्या मारामारीचाच टेक सिनेमात ठेवायचा म्हणून दिग्दर्शक हटून बसला होता. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी ती हो म्हणाली. तो टेक तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

ती खुर्चीत बसली. हेडफोनची वायर हातभर, जेमतेम रेकॉर्डिंगच्या यंत्रापर्यंत पुरणारी. दिग्दर्शकाने टेक लावला. भाऊ पालथा पडला, मानेवर गुडघा आला. मग त्याचा तळहात उठला. दोन थापा. थोडं थांबून पुन्हा दोन. समोरच्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यातून एक हात आत आला आणि 'चालू दे' म्हणून फिरला. मनगटावर दिग्दर्शकाचं लाल पट्ट्याचं घड्याळ होतं. पुन्हा दोन थापा. ताईने मोजल्या. पाच वेळा दोन.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"अभिनय आहे, ताई. हरला की थापा मारायच्या, हे मी त्याच दिवशी सीनमध्ये घातलं. भारी दिसतं."

"मग खरंच सोडवून घ्यायचं असतं तर त्याने काय करायचं होतं?"

दिग्दर्शकाने टेक पुन्हा पहिल्या थापांपाशी नेऊन थांबवला. मग इतक्या वेळात काहीच झालं नाही अशा साळसूद चेहऱ्याने म्हणाला, "तेवढ्या थापांचा आवाज भरून दे ना."

तोंडावर काहीतरी फेकून मारावं इतका संताप तिला आला. असल्या माणसाला आईने स्वतःच्या हाताने पाणी दिलं होतं! पण ती ओरडली नाही. तिने फळ्यांजवळ माईक ठेवला, परत येऊन खुर्चीत बसली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"तूच मार. तुला माहीत आहे त्याने कशा मारल्या."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तो उत्साहाने भावाच्या जागी पालथा झाला, गाल फळीला टेकवला आणि दोन थापा मारल्या. हेडफोनमध्ये त्या स्वच्छ आल्या. त्यांच्यामागून एक श्वास आला, जड, दातांवर दात दाबून घेतलेला. आणि हॉलभर मलमाचा वास पसरला, भाऊ सरावानंतर खांद्याला चोळायचा त्या हिरव्या डबीतला.

दिग्दर्शक उठेना. त्याची मान फळीवर चेपली गेली होती. पाय झाडत त्याने पुन्हा दोन थापा मारल्या.

अभिनय आहे, ताई मनात म्हणाली. भारी दिसतंय.

पुन्हा दोन. त्याचा चेहरा काळानिळा पडला. ताईला तो सगळा जवळून दिसत होता, कानामागची शीरसुद्धा. तिला दया आली नाही. तिला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं हातापायांत उतरत होतं. पुन्हा दोन.

मग हेडफोनमध्ये, अगदी कानाला लागून, ओळखीचा दमलेला आवाज आला.

"ताई... बास."

ती दचकली. दिग्दर्शक सुटला, खोकत, रांगत दाराकडे सरकला. त्याची पाचावर धारण बसली होती. त्याने रिकाम्या हॉलकडे नजरसुद्धा टाकली नाही. तो ताईकडेच बघत होता.

"टेक काढतो... आईंना खरं सांगतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फक्त तुम्ही... तिथेच थांबा." आजवर तो तिला अगं-तुगं करत आला होता.

दार आपटलं. ताई बराच वेळ खुर्चीत बसून होती. ती जागची हलली नव्हती, एवढं तिला पक्कं आठवत होतं. हेडफोन अजून कानांवरच होते. तिने सामान आवरायला हात पुढे केला, आणि मलमाचा वास आला, तिच्याच बोटांना. मग तिची नजर खाली गेली. सकाळीच धुऊन घातलेल्या सलवारीवर, उजव्या गुडघ्याला, फळ्यांची धूळ घट्ट दाबून बसली होती.