वीस मिनिटं आधी

इडलीपात्र परत करायला मी विनिताकडे गेले होते, एवढंच त्या दिवशीचं काम. २००६ सालचा जुलै, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. ऑकलंडमधलं आमचं फ्लॅट बुश नावाचं उपनगर तेव्हा नुकतं वसत होतं. सगळी घरं एकसारखी, झाडं गुडघ्याएवढी, आणि साडेपाचलाच असा अंधार पडायचा की शेजारचं घरही परकं वाटावं. दिवा जरा जवळ घ्या. ही गोष्ट घाईघाईत सांगता येत नाही.

विनिताच्या घरी काय झालं ते सांगण्याआधी आवाजाबद्दल सांगायला हवं.

तो आमच्या घरात पहिल्याच हिवाळ्यात सुरू झाला. संध्याकाळी पाच पस्तीसला गॅरेजचं शटर गुरगुरायचं. मग किल्ल्या वाडग्यात पडायच्या. बूट काढल्याचे दोन आवाज, दुसरा नेहमी भिंतीवर आपटून, आणि शेवटी एक लांब 'हुश्श'. माझा नवरा अनिरुद्ध ऑफिसातून आला की हे सगळं याच क्रमाने व्हायचं. आमची नऊ वर्षांची श्रिया वरून ओरडायची, "मम्, बाबा इज होम!" मी बाहेर येऊन बघावं तर पॅसेज रिकामा, दिवा बंद, बुटांचा पत्ता नाही. आणि बरोबर वीस मिनिटांनी अनिरुद्ध खरोखर यायचा, मोटरवेवरच्या ट्रॅफिकला शिव्या देत.

मी फार्मासिस्ट. अर्धं आयुष्य गोळ्या मोजण्यात गेलेलं, असलं काही कुणाला सांगायची मला लाज वाटायची. शेवटी सांगितलं ते शेजारच्या आजींना. त्या फिनलंडच्या. त्यांचा नवरा पन्नासच्या दशकात इथल्या एका पेपर मिलमध्ये कामाला आला, त्याच्याबरोबर त्याही आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचं नाव आइला. पहिल्या भेटीत हात पुढे करून त्या "आइला!" म्हणाल्या तेव्हा अनिरुद्ध खोकल्याचं निमित्त करून आत पळाला होता.

माझं बोलणं ऐकून आइला हसल्या नाहीत. कुंपणावर कोपर टेकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एतिआइनेन," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे त्याला असं म्हणतात. प्रत्येक माणसाबरोबर त्याचा एक हाल्तिया असतो, राखण करणारा आत्मा. मन जिकडे जायला निघतं तिकडे तो पुढे धावतो. शरीर बिचारं मागून येतं. भिंतीला वडिलांच्या स्की टेकल्याचा आवाज आला की माझी आई कॉफी ठेवायची. बाहेर कोणी नसायचं. कॉफी होईपर्यंत वडील दारात."

माझं आजोळ कोकणातलं. राखणदार मला ठाऊक होता, पण हा ऑफिसातून परतणारा राखणदार नवीनच होता.

"म्हणजे घाबरायचं नाही?"

"तो येतो त्याला कशाला घाबरायचं?" आइला म्हणाल्या. "तो यायचा थांबला तर घाबर." मग त्यांनी विचारलं, "सकाळी निघताना तुझा नवरा काय म्हणतो?"

"येतो म्हणतो." आमच्यात जातो म्हणत नाहीत, हे मी समजावून सांगितलं.

"जाताना येतो म्हणता? मग तो येणारच," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझी भीती गेली. शटर वाजलं की मी चहा टाकायचे, आणि अनिरुद्ध दारात आला की कप त्याच्या हातात. खरं सांगते, मी जरा फुशारलेच होते. लग्नाला बारा वर्षं झालेल्या किती बायकांना नवऱ्याचं मन आधी घरी पोचल्याचा पुरावा रोज मिळतो?

मग २००६च्या मे महिन्यात आवाज थांबला. अनिरुद्ध यायचा, कधी वेळेवर, कधी उशिरा, पण त्याच्या आधी काही यायचं नाही. श्रिया एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, यू डोन्ट कम फर्स्ट एनीमोर." त्याला काही कळलं नाही. मला कळायला हवं होतं, पण मी ऑफिसच्या कामावर खापर फोडून मोकळी झाले.

आता विनिता. ती माझ्याच फार्मसीत कामाला होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन मुंबईहून एकटी आली तेव्हा पहिले तीन महिने आमच्याच घरी राहिली. तिला गाडी मी शिकवली, घर मी शोधून दिलं. मला ती कांचनताई म्हणायची. सख्खी बहीण नाही मला, तर मीही ते मनाला लावून घेतलं होतं.

त्या गुरुवारी मी तिला न कळवताच गेले. तिचा चेहरा जरा गडबडला, पण तिने आत बोलावलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ती फार्मसीतल्या कुठल्याशा गिऱ्हाईकाची नक्कल करत होती, मी हसत होते. बाहेर अंधार झाला होता. हीटरचा जळका वास येत होता.

आणि बाहेरच्या खोलीत कुलपात किल्ली फिरली.

मग बूट. एक... आणि दुसरा, भिंतीवर आपटून. मग तो लांब श्वास.

माझं हसू तोंडातच राहिलं. पण मी विनिताकडे बघत होते, आणि माझा जीव गेला तो तिच्याकडे बघून. ती दचकली नाही. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. बोलता बोलता उठली, पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतून गॅसवर ठेवलं, साखर न घालता चहा पावडर टाकली. अनिरुद्ध बिनसाखरेचा घेतो. मग तिच्या लक्षात आलं की समोर मी बसले आहे. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

"तुलाही ऐकू येतं..." मी म्हणाले.

"कांचनताई..."

"बस. आता वीस मिनिटं आहेत."

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पाणी आटून पातेलं करपायला लागलं तेव्हा तिने उठून गॅस बंद केला. पाच पंचावन्नला कुलपात पुन्हा किल्ली फिरली, बूट वाजले, आणि या वेळी त्या आवाजामागून माणूस आत आला. मला बघून अनिरुद्ध जागच्या जागी थिजला.

"इडलीपात्र द्यायला आले होते," मी म्हणाले. बारा वर्षांच्या संसारानंतर मला एवढंच सुचलं.

तो माझ्यामागोमाग घरी आला. रडला. संपलं सगळं, म्हणाला. श्रियाची शपथ घेतली. आणि त्यानंतर रोज पाच पंचावन्नला तो घरी हजर असायचा, एक मिनिट इकडेतिकडे नाही. नातेवाइकांत कुणाला कळलं असतं तर म्हणाले असते, सुधारला.

पण मी रोज पाच पस्तीसला पॅसेजमध्ये उभी राहायचे. कान देऊन. कधीच काही आलं नाही. मला ठाऊक होतं की त्या क्षणी दहा मिनिटांवरच्या एका घरात बूट वाजताहेत. घरी येत होतं ते नुसतं त्याचं अंग. ते जेवायचं, बातम्या बघायचं, श्रियाची गणितं तपासायचं. सकाळी दारातून 'येतो' म्हणायचं, आणि हे तो कुणाला सांगतोय असं मला वाटून जायचं. 'घरी ये', एवढे दोन शब्द मी त्याला म्हणायला हवे होते. म्हटले नाहीत. समोर बसलेल्या माणसाला घरी ये म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. चूक त्याची, आणि आर्जवं मी करायची?

ऑक्टोबरमध्ये मोटरवेवर त्याची गाडी ट्रकखाली गेली. त्या संध्याकाळी पाच पंचावन्नला दारात पोलीस होते.

तेराव्या दिवशी विनिताचा फोन आला. जुलैत तिने फार्मसी सोडल्यापासून पहिल्यांदा.

"तो अजून येतो, ताई," ती कुजबुजली. "पाच पस्तीसला. रोज. मागून कोणी येत नाही, मी वाट बघत बसते... मला फार भीती वाटते. तू येऊन बसशील का माझ्याजवळ?"

घरात त्याचा फोटो, हार, शेजाऱ्यांनी आणून दिलेले डबे. श्रिया त्याचा शर्ट घालून झोपायची. आणि तो मेल्यावरही तिकडेच जात होता.

"तूच बोलावलंस ना त्याला? आता सांभाळ," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पण संध्याकाळ झाली की मला स्वस्थ बसवेना. हातातलं काम सुटायचं. डोळ्यांसमोर तिची बाहेरची खोली यायची, तिथला हीटर, तिथला सोफा. तो तिथे आला असेल, बसला असेल. दहा मिनिटांचा तर रस्ता... पण मी गेले नाही. एकदाही उंबरठा ओलांडला नाही.

पुढच्या जूनमध्ये तिचा शेवटचा फोन आला. संध्याकाळी, पाच तीसला.

"ताई, तू घरी आहेस?" तिचा आवाज खूप थकलेला होता.

"घरीच आहे. का?"

"मग इथे कोण येतं? त्याच्यामागोमाग... रोज... बायकांच्या सँडलचा आवाज. तो बसतो, मग ती बसते. ती त्याला काहीतरी विचारते. तेच तेच, हळू आवाजात. आवाज तुझा आहे, ताई. शब्द कळत नाहीत."

कोणते दोन शब्द ते मला विचारायची गरज नव्हती.

"आणि तो?" मी विचारलं. "तो काय म्हणतो?"

"नाही म्हणतो. इतके महिने रोज नाहीच म्हणत होता." ती थांबली. "आज लवकर आले दोघं. आणि आज तो हो म्हणाला. आत्ता... पाच मिनिटं झाली. उठले, बूट घातले, दार लागलं. ताई, तू काय विचारलंस त्याला?"

मी फोन कानाला तसाच धरून उभी होते. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. पॅसेजमध्ये किल्ल्या वाडग्यात पडल्या. सँडल निघाले. मग बूट. एक... आणि दुसरा, भिंतीवर आपटून.

वरून श्रियाची हाक आली. ओरडली नाही ती, अगदी हळू विचारलं.

"मम्? हू इज विथ यू?"

मी ओट्याला टेकून उभी होते. तासाभरात घराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. घड्याळात पाच पस्तीस झाले होते.

श्रियाला मी खोलीचं दार लावून आत बसायला सांगितलं. पुढच्या दाराशी जाऊन साखळी लावली. मग काढली. वर्षभर मी याच्यासाठी कान देऊन उभी होते, तो शेवटी घरी यायला निघाला होता. पुन्हा लावली. पुन्हा काढली. पाच पंचावन्नला बाहेर पायरीवर कोणीतरी थांबलं तेव्हा माझी बोटं साखळीवरच होती, आणि ती लावलेली होती की काढलेली, ते मला आजही सांगता येत नाही.