फ्लेक्सवरची गोरी माणसं

सुकन्या नांदेडच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरली, तेव्हा बालाजी एका होतकरू पुढाऱ्याच्या गालावरचे डाग पुसत बसला होता. त्याने मान वर केली आणि... माउस हातातच राहिला.

"हा मोठा करून पाहिजे. अन् माझे पासपोर्ट फोटोही."

तिने मोबाइल पुढे धरला. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन संग्रहातला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा फोटो — कापूस वेचणारे काळे गुलाम.

"नात्यातले हायत का?"

ती खुदकन हसली. "न्हाई हो! उद्या लातूरच्या कॉलेजात मुलाखत हाय. हा दाखवून इतिहास शिकवायचाय."

"लई झकास करून देतो, मॅडम!"

ही नोकरी हुकली तर वडील म्हणतील तिथे लग्न, असं ती घरी कबूल करून बसली होती.

लातूरला, निवड समितीपुढे एका वर्गाला नमुना धडा शिकवताना तिने गुंडाळून आणलेला फ्लेक्स उलगडला. बालाजीने सवयीने सगळ्यांना गोरंपान केलं होतं! मागे निळंशार आभाळ, आणि पुढच्या बाईच्या दंडावरचा चाबकाचा वळ गायब. वर्ग खुसखुसला. सुकन्याला रडू फुटणार होतं, पण तिने मोबाइलमधला मूळ फोटो शेजारी पडद्यावर लावला.

"दोन्ही नीट बघा. काय पुसलंय?"

"रंग!"

"वळ!"

मागच्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, वळ पुसला की ती खुशीनं वेचून राहिली असं वाटतंय."

मग काय, वर्ग थांबेचना! समितीतले सरसुद्धा हिरिरीने वाद घालू लागले.

परतताना एसटीतून तिने बालाजीला झापायला फोन केला. झापणं नांदेड येईपर्यंत चाललं, आणि मग रोज संध्याकाळी.

नेमणूक झाली त्या दिवशी ती पेढे घेऊन दुकानात आली. बालाजीने कान पकडले. "आमच्याकडं सगळेच गोरं करून मागतात. हात तसाच चालला."

"हो का? मग पासपोर्ट फोटोत माझ्या हनुवटीवरचा व्रण का नाही पुसला?"

त्याने हातातला पेढा खाली ठेवला. "पुसणारच होतो... पण मग त्या फोटोत तुम्ही राहिल्या नसत्या. मला तुम्ही आवडता — अशाच."

सुकन्याचे कान तापले. केवढा आनंद झाला होता तिला!

"नोकरी मी मिळवली," ती म्हणाली, "आता नवराही मीच निवडणार. रविवारी आमच्या घरी मुदखेडला या, बाबांना भेटायला. अन् येताना स्वतःचा फोटो आणा..."

"कसला?"

"काहीच न पुसलेला!"