पोटातून श्वास

पावसामुळे सगळ्याच गाड्या रखडल्या होत्या. बसस्थानकावर ती ताटकळत उभी होती, आणि भोंग्यातून येणारा तो आवाज तिला स्वस्थ बसू देईना. घोषणा साधीच, गाडी उशिरा येणार एवढीच. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज फाटत होता. ती रुग्णालयात वाचातज्ज्ञ होती, बिघडलेलं बोलणं सुधारणं हेच तिचं काम. न राहवून तिनं घोषणेच्या खिडकीवर टकटक केली.

"किती दिवस बसलाय आवाज तुमचा?"

"चौकशी पलीकडच्या खिडकीत," आतला घोषणा करणारा म्हणाला आणि खाकरला.

"खाकरू नका. स्वरतंतू एकमेकांवर आपटतात त्यानं."

तो बघतच राहिला. "लोक बोलताना डोळ्यांत बघतात हो... तुम्ही माझ्या गळ्याकडे का बघताय?"

"बिघाड तिथं आहे. डोळे बरे आहेत."

तिनंच त्याला तपासणीला पाठवलं. स्वरयंत्रात कर्करोगाची गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग शस्त्रक्रियेपर्यंत तो रोज रुग्णालयातल्या तिच्या खोलीत यायचा, नंतरची तयारी करायला.

"फुप्फुसांतून हवा वर येते, स्वरतंतू थरथरतात, तो आवाज. त्याचे शब्द मात्र जीभ, टाळू आणि ओठ घडवतात," ती सांगायची.

"म्हणजे शब्द राहतील?"

"राहतील. आवाज... नाही."

तो खिडकीबाहेर बघत बसायचा. मग काहीतरी थट्टा करायचा. त्या थट्टेत अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी तो खुर्ची पुढे ओढून बसला. "ऐक ना... उद्यापासून हा आवाज नाही. म्हणून आजच... मला तुला—"

आवाज चिरकला, आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आधी पोटातून श्वास घे. छातीतून बोलतोयस."

तो हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि तेवढ्यात परिचारिका त्याला वॉर्डात न्यायला आली. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. श्वास आता गळ्याच्या भोकातून जात-येत होता. तो पाटीवर लिहायचा: चहा फिका आहे. वहिनीला सांग, रडू नकोस. ते अर्धं राहिलेलं वाक्य मात्र लिहीत नव्हता.

"भाऊजींनी तुम्हाला काही सांगितलं का हो?" त्याच्या वहिनीनं एकदा डबा ठेवता ठेवता विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

जखम भरल्यावर तिनं त्याच्या हातात टॉर्चएवढं यंत्र दिलं. गळ्याला टेकवलं की ते गुणगुणतं, त्यावर ओठांनी शब्द घडवायचे. त्यानं एकदा लावून पाहिलं. भुंग्यासारखा कोरडा आवाज आला. त्यानं यंत्र टेबलावर ठेवून दिलं.

मग त्यानं तिचा हात उचलून स्वतःच्या पोटावर ठेवला. पोट सावकाश फुगलं, अगदी तिनं शिकवलं होतं तसं. ओठ हलले. हवा गळ्याच्या भोकातून हलकेच निसटली. तोंडातून काहीच आलं नाही.

माझं... तुझ्यावर... प्रेम आहे.

तिला सगळं दिसलं. पण त्याच्या आवाजात ते ऐकायचं राहिलंच, आणि आता जन्मभर राहणार होतं. तिचे डोळे भरून आले. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं... आणि आवाज आतच ठेवून, नुसत्या ओठांनी म्हणाली, "माझंही."

त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं: छातीतून बोललीस.