मी आल्याशिवाय नको

"ज्या हातांनी माझ्या आईला सलाईन लावलं, त्या हातांनी माझं ब्लडप्रेशर नाही मोजायचं!"

चिऊनं दंडावरचा पट्टा ओरबाडून काढला आणि जेवणाच्या टेबलावर भिरकावला. मावशी होती तिथंच उभी राहिली. बोलणं लागायचं ते लागलंच. पण त्याहून अधिक लागला तो यंत्रावर दिसलेला आकडा... एकशे अडुसष्ट! सकाळी दवाखान्यात होता त्याहूनही वर.

मावशी म्हणजे चिऊची सावत्र आई. तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. किती बायकांचे हात तिनं कळांच्या वेळी धरले, किती लेकरं या जगात पहिल्यांदा तिच्या ओंजळीत उतरली, त्याची गणती नाही. स्वतःचं मूल मात्र तिनं होऊ दिलं नाही, का ते कुणाला सांगितलंही नाही. गावभरच्या पोरी तिला विचारून पाऊल टाकत आणि घरच्या पोरीपुढं तिची मात्रा चालत नव्हती. पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते उगाच नाही!

सकाळी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. "तारखेला तीन आठवडे आहेत, ठाऊक आहे मला. पण लघवीत प्रोटीन आहे, अंगावर सूज आहे, दाब चढतोय. सदतीस आठवडे पुरे झालेत, बाळ बाहेर यायला तयार आहे. आजच दाखल व्हा, औषध देऊन कळा सुरू करू. थांबलो तर झटका येऊ शकतो, आणि मग दोघांचंही कठीण."

"विचार करते," असं म्हणून चिऊ सरळ घरी आली होती. तिचा नवरा दूर नदीवरच्या पुलाच्या कामावर. फोन जाताच बिचारा नेसत्या कपड्यांनिशी निघाला होता, पण वाटच दोन दिवसांची.

"चिऊ, डोकं दुखतंय ना तुझं?" मावशीनं हळूच विचारलं. "मघापासून डोळे चोळते आहेस."

"दुखू दे. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे. तो आल्याशिवाय नको. तारखेआधी औषधं टोचून मूल बाहेर काढायची घाई तुम्हा लोकांनाच! माझ्या आईलाही अशीच घाई केलीत... सलाईन लावलंत आणि तासाभरात ती गेली. आत्यानं सांगितलंय मला सगळं."

सगळं! मावशीच्या ओठांवर आलेला शब्द तिनं गिळला. एकवीस वर्षं ती तो गिळत आली होती. आठ वर्षांची चिऊ आत्याच्या मांडीवरून उठून आली होती, तिच्याकडे रोखून बघत म्हणाली होती, "तू माझ्या आईला मारलंस?" तेव्हा चिऊच्या बाबांनी तोंड उघडलं होतं... आणि मावशीनंच मानेनं त्यांना नको म्हटलं होतं. तेही गप्प बसले. खरं सांगायचं तर ते गप्प बसणं त्यांच्याही सोयीचं होतं.

पण आज? आज बोलावं, तर मुलीचा बाप तिच्या मनातून उतरणार. न बोलावं, तर हे दोन दिवस... दोन दिवसांत काय काय होतं, ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बरं, मी नाही येत," ती एकदम म्हणाली. "मी तुझ्या डोळ्यांसमोर नको, हेच ना? मी इथंच थांबते, दवाखान्याची पायरीसुद्धा चढणार नाही. बाळाला दाखवू नकोस हवं तर... पण तू जा, चिऊ! तुझ्या पाया पडते, आत्ता जा!"

"तो आल्याशिवाय नको. एकदा सांगितलं ना?"

खिडकीपाशी खुर्चीत बसलेले बाबा त्या शब्दांनी उठले. सगळा जन्म छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस. डोळे अधू झालेले, बोटांची टोकं अजून काळसर.

"मीही हेच म्हणालो होतो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही आत जा बघू!" मावशी लगबगीनं मध्ये आली. "तुमची दुपारची गोळी राहिलीय..."

"गोळी गेली खड्ड्यात! एकवीस वर्षं तू मला गोळीच दिलीस. आता बोलू दे." त्यांनी टेबलाची कड धरली. "चिऊ, तेव्हा आमच्याकडे परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायला आल्या होत्या. प्रश्न फुटू नयेत म्हणून काम संपेपर्यंत आम्हाला आतच कोंडत. दाराला बाहेरून कुलूप. जेवण आत, झोपणं आत. मी आत जायच्या आदल्या दिवशी तुझ्या आईला डॉक्टरांनी हेच सांगितलं... दाब वाढलाय, दाखल व्हा, कळा आणूया. मी म्हटलं, चारच दिवसांचं काम आहे. मी आल्याशिवाय नको. पहिलं मूल आपलं... मला दारात उभं राहायचंय. तिच्याकडून तसं वचन घेतलं मी!"

"बाबा..."

"ती वचनाला जागली गं. तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले, तेव्हा शेजारच्यांनी उचलून नेली. या बाईनं सलाईन लावलं ते तिला वाचवायला. तू वाचलीस. ती नाही वाचली. कुलूप उघडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं... सलाईननं नाही गेली ती. माझी वाट बघत गेली!"

आणि तो म्हातारा माणूस हुंदके देऊन रडू लागला.

चिऊनं बापाकडे पाहिलंच नाही. ती मावशीकडे बघत होती, जणू या घरात ही बाई आजच आली होती. "तू का नाही सांगितलंस मला? इतकं बोलले मी तुला... इतकी वर्षं!"

"तुझ्या आईबापांतलं एकच माणूस उरलं होतं," मावशी म्हणाली. "तेही मी कसं काढून घेऊ? माझं काय, नर्सला शिव्या खायची सवय असते."

चिऊनं कपाळ दाबून धरलं. पोटातलं मूल हललं असावं, कारण दुसरा हात तिथं गेला.

"बॅग कुठंय?" तिनं विचारलं.

"दाराशी. तीन आठवड्यांपासून भरलेली आहे."

"भलतीच घाई बाई तुला," चिऊ म्हणाली. आणि हसता हसता तिचा बांध फुटला.

दवाखान्यात तिनं नवऱ्याला फोन लावला, "तू सावकाश ये, मी थांबत नाही," असं सांगितलं आणि कागदावर सही केली. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन झालं. मग सलाईन घेऊन आलेल्या नर्सला ती म्हणाली, "हिला लावू द्या. माझ्या मावशीला."

ती नर्स मावशीच्याच हाताखाली शिकलेली. ती घुटमळली. "बाई, नियम..."

"नियम मीच शिकवलाय तुला," मावशी दरडावून म्हणाली. "तू लाव. मी हात धरते."

तिनं तो सुजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सोडला नाही. कळा आल्या, थांबल्या, पुन्हा आल्या. चिऊ ओरडली, चिडली, "मला घरी जायचंय" म्हणाली, आणि शेवटी एक एवढीशी मुलगी जन्माला आली. वजन कमी, आवाज मात्र असा की बाहेर बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

दुपारपर्यंत दाब उतरू लागला. पाळण्यातली पोर बघत पडलेल्या चिऊनं विचारलं, "बाबा कुठंयत?"

"बाहेर. कालपासून दारात उभे आहेत, आत यायची हिंमत होत नाही त्यांना."

चिऊनं पाळण्याची कड धरली. मग म्हणाली, "मी झाले तेव्हा मला आधी कुणी घेतलं?"

"मी."

"आणि बाबांनी?"

मावशी अडखळली. आता लपवायचं तरी काय? "नाही घेतलं गं. तीन आठवडे हात लावला नाही तुला. म्हणायचे, माझी लायकी नाही. तोवर मीच सांभाळत होते. मग तुला सोडवेना म्हणून..."

"म्हणून लग्न केलंस?"

मावशीनं नुसती मान डोलावली.

चिऊनं डोळे पुसले. "मग हिलाही आधी तूच घे," ती म्हणाली. "आणि बाहेर नेऊन त्यांच्या हातात दे. नको म्हणाले, तरी दे."

मावशी बाळ घेऊन दारात आली. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको... माझ्या हातात नको..."

"लेकीचा निरोप आहे," मावशी म्हणाली, "हात पुढं करा."