द्वारकाताईंचं बोट

आरोग्य वेधशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतभर नकाशा होता आणि त्यात कासारखेड शहराची सगळी गटारं निळ्या रेघांनी काढलेली होती. दुसऱ्या कुणी शहराचा नकाशा काढला तर आधी रस्ते काढील, देवळं काढील, शाळा काढील. इथं मान गटारांना! प्रत्येक गल्लीचं गटार मोठ्या गटाराला जिथं मिळतं, तिथं नारळाएवढा एक गटारवेधक बसवलेला होता. तो सांडपाण्यातून वाहणाऱ्या जंतूंची जनुकं वाचायचा आणि वेधशाळेला कळवायचा. त्यामुळे एखाद्या गल्लीत कुणी तापानं अंथरूण धरायच्या चार दिवस आधीच या भिंतीवर त्या गल्लीत तांबडा ठिपका उमटायचा.

त्या भिंतीसमोर द्वारका साबळे खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. ती कुंभारटेक वस्तीची आशा सेविका. सहा गल्ल्या, दोनशे बारा घरं, सोळा वर्षांची नोकरी. टेकावर कुणाच्या घरी पाळणा हलणार, कुणाचं बाळ लस चुकवतंय, कोणती म्हातारी रक्तदाबाची गोळी जिभेखाली दडवून नंतर थुंकते, हे तिला घरच्यांच्या आधी ठाऊक असे. वेधशाळेतून बोलावणं आलं तेव्हा तिला वाटलं, सत्कारबित्कार असणार. म्हणून ती चांगली जरीकाठी साडी नेसून आली होती.

"द्वारकाताई, सोमवारी तुम्ही कुठं असता?" डॉ. अरुंधती किनीकरांनी विचारलं. त्या वेधशाळेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ.

"पहिल्या गल्लीत. मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरी, असं शनिवारपर्यंत. सोळा वर्षं वार चुकलेला नाही, मॅडम."

किनीकरांनी कळ दाबली. मंगळवारी सकाळी पहिल्या गल्लीत फिकट तांबडा ठिपका उमटला. बुधवारी दुसरीत. गुरुवारी तिसरीत. मग पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा. ठिपका द्वारकेच्या मागोमाग एक दिवसाच्या अंतरानं टेकावरून फिरत होता.

"टायफॉइडचे जंतू," किनीकर म्हणाल्या. "अगदी नाममात्र आहेत, पण आहेत. आणि ते तुमच्याबरोबर येतात."

"काय सांगता काय!" द्वारका ताडकन उठली. "माझ्या टेकावर अकरा वर्षांत टायफॉइडचा एक रुग्ण नाही. एक! खाली बाजारपेठेत दर उन्हाळ्यात पंचवीस-तीस माणसं झोपतात. रजिस्टर काढून बघा. आणि मी स्वतः एक दिवस तापानं पडलेली नाही."

"म्हणूनच तर शंका येतेय," शेजारी बसलेले डॉ. फैयाज देशमुख हळूच म्हणाले. ते शहराचे आरोग्य अधिकारी, आणि द्वारकेला चांगले ओळखणारे. "काही माणसांना जंतू लागतो, पण ताप येत नाही. जंतू पित्ताशयात घर करून बसतो आणि वर्षानुवर्षं थोडाथोडा बाहेर पडत राहतो. त्या माणसाला पत्ताही नसतो. त्याला वाहक म्हणतात."

"सर, मी दिवसातून वीस वेळा हात धुते. सात पायऱ्यांनी! अख्ख्या टेकाला हात धुवायला मी शिकवलंय."

"ते मान्य. पण चव कशी बघता?"

तिची चव बघायची रीत सगळ्या टेकाला माहीत होती. गरोदर बाईची डाळ घट्ट आहे की नुसतं पाणी, बाळाच्या पेजेत मीठ जास्त तर नाही, जुलाब झालेल्या पोराचं मीठ-साखर-पाणी अश्रूंपेक्षा खारट तर नाही, हे बघितल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. आणि बघायची रीत ठरलेली. बोट बुडवायचं, चाटायचं, मान हलवायची, मीठ नाहीतर पाणी घालायचं आणि पुन्हा तेच बोट बुडवायचं. सोमवार ते शनिवार, दिवसाला पस्तीस घरं.

"बोटानं बघते," ती म्हणाली. "पण सर, ते माझं स्वतःचं बोट आहे!"

किनीकरांनी कपाळाला हात लावला. हात धुवायच्या सात पायऱ्या शिकवणाऱ्या बाईनं स्वतःचं बोट त्या हातात मोजलंच नव्हतं.

निर्णय तिथल्या तिथं झाला. तपासणी पुरी होईपर्यंत द्वारकेनं घरीच राहायचं. स्वयंपाक स्वतःपुरता, कुणाकडे जायचं नाही. ती वाहक ठरली तर नियम स्पष्ट होता: वाहक व्यक्तीनं असंरक्षित माणसांत मिसळू नये. म्हणजे घरभेटी बंद, आशा सेविकेचं काम कायमचं बंद.

पायथ्याशी असलेल्या आपल्या घरात द्वारका दोन आठवडे बसून राहिली. नवरा दामोदर बहिणीकडे जेवायला जाई आणि येताना टेकावरच्या बातम्या आणी. काम नाही म्हणजे काय, हे तिला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. खिडकीतून दुसऱ्या गल्लीचं टोक दिसे. मंगळवारी तिथं बाया दारात उभ्या राहून वाट बघताना दिसल्या आणि तिला रडू फुटलं. आपल्या हातानं आपण पोराबाळांना आजार भरवला असेल, या विचारानं तिला घास गिळवेना. वेधशाळेचा माणूस दर चार दिवसांनी तपासणीसाठी नमुना घेऊन जाई, तेव्हा ती त्याच्याकडे मान वर करून बघतही नसे.

दहाव्या दिवशी टेकावर पहिला ताप निघाला. चौदाव्या दिवसापर्यंत अकरा जणं तापानं झोपली. सगळा टायफॉइडच. वेळेवर औषधं मिळाली, सगळे सुधारत होते. पण अकरा वर्षांत एक नाही आणि आता चौदा दिवसांत अकरा!

मग काय, तिसऱ्या गल्लीतल्या हौसाबाई बावीस बायका घेऊन वेधशाळेवर चालून आल्या. सत्तरीच्या हौसाबाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज पोचला.

"अगं डॉक्टरीणबाई, खाली ये! आमची द्वारकी ताप वाटत होती म्हणतेस, मग ती घरात कोंडल्यावर ताप आला कसा? तुझ्या त्या नारळाला आधी तपास! माझ्या सुनेला आठवा महिना लागलाय, तिची डाळ कोण बघणार, तू?"

किनीकरांना राग आला नाही. उलट त्या जिन्यातच उभ्या राहून विचार करू लागल्या, कारण म्हातारीचा प्रश्न बिनतोड होता. वाहक दूर केल्यावर आजार कमी व्हायला हवा. तो वाढला, म्हणजे गणितात एक आकडा राहून गेलाय. त्या वर गेल्या आणि दोन दिवस प्रयोगशाळेतून हलल्या नाहीत.

सोळाव्या दिवशी द्वारकेला पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला ती घरातल्याच साडीवर गेली. टेबलावर थर्मासमधला चहा होता आणि डॉ. फैयाजांचा चेहरा हसरा होता. तिला जरा धीर आला. सवयीनं तिनंच तिघांचा चहा ओतला.

"ताई, मी तुमची माफी मागते," किनीकर म्हणाल्या. "तुमच्या चारही नमुन्यांतून आम्ही जंतू वाढवून बघायचा प्रयत्न केला. जिवंत जंतू एकही नाही. गटारवेधक फक्त जनुकं वाचतो. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. तो मेलेल्यांचे अवशेष मोजत होता."

"मेले कशानं?"

"तेच तर! मी तुमच्या नमुन्यात मुद्दाम टायफॉइडचे कोट्यवधी जंतू सोडले. चार तासांत सगळे खलास. तुमच्या पोटात एक जंतुभक्षक आहे. जंतूहूनही कितीतरी लहान विषाणू. माणसाला तो काहीही करत नाही. तो फक्त टायफॉइडच्या जंतूला गाठतो, त्याच्या आत शिरतो, आतल्या आत शंभर पोरं काढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. तुम्ही बोटानं घरोघर हा भक्षक वाटत होता. बाजारातून टेकावर आलेला जंतू कुणाच्या पोटात शिरला की तिथं तुमचा पहारेकरी आधीच बसलेला."

"मग आता ताप का आला?"

"कारण जंतू नसलेल्या पोटात भक्षक आठ दिवसांत नाहीसा होतो. तुम्ही आठवड्याच्या आठवड्याला नवा पोचवत होता. तुम्ही थांबलात, आठ दिवसांत टेकावरचे पहारे उठले."

द्वारकेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग ती हसली, मग पुन्हा डोळे पुसले. "म्हणजे मी कुणाला आजारी पाडलं नाही ना? देवा रे! सोळा दिवस मी स्वतःला काय काय बोलले!"

"उलट आता आम्ही हा भक्षक वेगळा काढून थेंब बनवलेत," फैयाज म्हणाले. त्यांनी एक छोटी कुपी टेबलावर ठेवली. "पोलिओसारखे. आठवड्याला दोन थेंब. आधी टेकावर, मग सगळ्या शहरात. बोट आता बंद, बरं का!"

द्वारकेनं कुपी उचलली, उजेडात धरली. आणि मग सोळा वर्षं नव्यानं घरात आलेल्या प्रत्येक जिवाबद्दल ती जो प्रश्न विचारत आली होती, तोच तिनं विचारला.

"मॅडम, हा माझ्या पोटात राहतो, तर खातो काय?"

"टायफॉइडचे जंतू. दुसरं काहीच नाही."

"पण मी सोळा दिवस घरात एकटी. कुणाच्या घरचं पाणी नाही प्याले. टेकावरचा आठ दिवसांत उपाशी मेला म्हणता. माझा परवाच्या नमुन्यात चांगला ठणठणीत. मग त्याला जेवू कोण घालतं?"

किनीकरांनी शेवटचा घोट घेतलेला कप खाली ठेवला. मग त्यांनी निमूटपणे तपासणीची खोली उघडली, द्वारकेला आडवं केलं आणि पोटावर ध्वनिदर्शक फिरवला. पित्ताशयात छोटे छोटे खडे होते, आणि खड्यांवर जंतूंचा जाड थर. तिथं ते सुरक्षित होते. थरातून एखादा बाहेर पडला की भक्षक त्याला गट्ट करी. म्हणून नमुन्यात जिवंत एकही नव्हता.

"यंत्र पहिल्यापासून बरोबर होतं," किनीकर पुटपुटल्या. "ताई, तुम्ही वाहक आहातच. रोगाच्याही आणि त्याच्या औषधाच्याही. एक आहे म्हणूनच दुसरा आहे."

द्वारका उठली आणि बाहेर टेबलापाशी येऊन बसली. घटकाभरापूर्वी परत मिळालेलं टेक पुन्हा हातचं गेलं होतं.

"पित्ताशय काढून टाकता येईल," फैयाज म्हणाले. "तासाभराची शस्त्रक्रिया. जंतू संपले की तुम्ही मोकळ्या, कामावर हजर. भक्षकही संपेल, पण तो आमच्या बाटलीत आहेच."

"बाटलीत तो टिकेल," किनीकरांनी मान हलवली, "पण शिळा होईल. बाहेरचा जंतू दर वर्षी थोडं रूप बदलतो. ताईंच्या पोटातलाही बदलतो, आणि हा त्याच्यामागे स्वतःला बदलत राहतो. अकरा वर्षं तालमीत रोज कुस्ती खेळणारा पैलवान आहे हा. बाटलीतला वर्षभरात सुस्तावेल, मग थेंबांचा उपयोग नाही. पण ताई, पोट तुमचं आहे. खडे आहेत, कधीतरी दुखतील. काढायचे म्हटलंत तर मी एका शब्दानं अडवणार नाही."

द्वारकेनं भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. शस्त्रक्रिया केली तर घरभेटी परत मिळणार, पण टेकाचा पहारा वर्षभराचाच. नाही केली तर टेक सुरक्षित, आणि ती मात्र जन्मभर खिडकीत. हौसाबाईंच्या सुनेचं बाळ दुसरंच कुणीतरी तोलणार. मग एकदम तिनं मान वर केली.

"सर, तो नियम पुन्हा वाचा बघू."

"वाहक व्यक्तीनं असंरक्षित माणसांत मिसळू नये."

"आणि थेंब घेतलेला माणूस?"

"तो संरक्षित, अर्थात. तुमच्या जंतूपासून तर सगळ्यात जास्त, कारण…" फैयाज बोलता बोलता थांबले आणि किनीकरांकडे बघू लागले. किनीकर हसू लागल्या होत्या.

"म्हणजे," द्वारका सावकाश म्हणाली, "टेकावर घरटी थेंब दिले की माझ्यापासून टेकावर कुणाला काही व्हायचं नाही. शहरात मी जिथं बिनघोर फिरू शकते अशी जागा एकच. कुंभारटेक."

"खरं आहे," फैयाज म्हणाले. "पण टेकाबाहेर पाऊल टाकता येणार नाही, ताई. शहराला थेंब मिळेपर्यंत वर्ष जाईल. तोवर लग्न नाही, जत्रा नाही."

"आणि तालुक्याची दर महिन्याची आढावा बैठक?"

"मुळीच नाही."

"मग नाही काढायचे खडे!" द्वारकेनं पदर खोचला. "दुखले की बघू. सहा-सहा महिन्यांनी तपासा, मी टेकावरच्या बायांना ओढत आणते तशी मला हौसामावशी ओढत आणील. वर्षभर टेकावरच राहायचं ही शिक्षा म्हणता? अहो, सोळा वर्षं मी दुसरं काय केलंय?"

किनीकरांनी हसत हसत तिचा हात हातात घेतला आणि ती कुपी तिच्या मुठीत दिली. "घ्या. उद्या पहिली गल्ली."

द्वारका दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. टेकावर उद्यापासून थेंब मिळणारच होते. पण या खोलीत थेंब कुणी घेतले होते? तिनं टेबलावरचे तिच्या हातानं ओतलेले, तळापर्यंत रिकामे झालेले दोन कप बघितले. मग कुपीचं झाकण उघडत ती परत फिरली.

"मॅडम, तुम्हाला नंतर. आधी सर. चला सर, आ करा."